याक शोधताना दिसलेली घुसखोरी

मे १९९९. बटालिकजवळच्या डोंगरात ताशी नामग्याल हा मेंढपाळ हरवलेला याक शोधत होता. दुर्बिणीतून दिसले ते पठाणी वेशातले, बंकर खोदणारे लोक. त्याने लष्कराला कळवले, आणि कारगिलच्या घुसखोरीला वाचा फुटली. त्याआधीच्या हिवाळ्यात त्या भागावर हेलिकॉप्टरच्या घिरट्या होत होत्या. पण खाली ठाण मांडून बसलेली माणसे वरून दिसली नाहीत. कारगिलच्या घटनांचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीने पुढे गुप्तचर यंत्रणेतल्या त्रुटींवर बोट ठेवले, ते योग्यच. आमच्या मते मात्र खरी मेख दुसरीकडे होती: एवढ्या बर्फात, एवढ्या उंचीवर कोण येतो, असे आधीच मनाशी धरलेले होते. रोजच्या पायाखालच्या डोंगरात काय परके आहे, हे गुराख्याला चटकन कळते. त्यासाठी पदवी लागत नाही. आज ड्रोन आहेत, उपग्रह आहेत. तरी गस्तीवरच्या जवानाला बर्फात नवखी पाऊलवाट खटकली, तर त्याचा निरोप वेळेत वर जातो का? आणि गेलाच, तर साहेब तो मनावर घेतात का? प्रशिक्षणात नेमबाजीइतकेच गुण परके हेरणाऱ्या या नजरेलाही मिळायला हवेत.