भट्टी विझली ती कोणी विझवली?

शेतकरी व रापणकार बंधूंनो,

बालाघाट जिल्ह्यातील भरवेलीची मँगनीजची खाण आशियात सर्वांत खोल गणली जाते. आधी ती विलायती कंपनीची. 1962 साली सरकार भागीदार झाले. मालक बदलला, पण त्या मुलखातल्या रानच्या माणसाला कोणी विचारले काय?

विचारले ते मानववंशशास्त्राने. हे शास्त्र म्हणजे आदिवासींच्या नाचगाण्यांची टिपणे, हा समज खोटा आहे. व्हेरियर एल्विन मैकल डोंगरात वर्षानुवर्षे राहिले. बैगांवर 1939 साली आणि अगरियांवर 1942 साली त्यांनी ग्रंथ लिहिले. बैगांची कुऱ्हाडीची फिरती शेती गोऱ्या सरकारने बंद केली. 1890 साली ‘बैगा चक’ आखून तेवढ्यापुरती ठेवली. अगरिया लोखंड गाळणारे. त्यांच्या भट्टीवर कर बसला, कोळशासाठी जंगल मिळेना, वर कारखान्याचे स्वस्त लोखंड आले. भट्ट्या विझल्या. एकट्या बाजाराने त्या विझवल्या नाहीत. कायद्याने आधी हात बांधले होते.

आपल्याकडे निराळे काय घडले? ट्रॉलर किनाऱ्याला भिडले, रापणकार रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे 1980 साली मासेमारीचा कायदा झाला.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावच्या वृद्धांची लिहून घेतलेली साक्षही पुरावा ठरते. तो कायदा रानापुरता, पण धडा सर्वांना आहे. रापण कुठे ओढत होतो, गुरे कुठे चरत होती, मानशीचे पाणी कोण राखीत होते, हे म्हाताऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. सरकार कागद वाचते. आपला कागद आपणच लिहिला पाहिजे.