घराखालची जमीन

गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली की वस्तीत दोनच प्रश्न विचारले जातात. घर कितव्या मजल्यावर आणि चावी कधी? प्रश्न रास्तच आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात ज्यांचे काम गेले, त्यांच्यापैकी कितीकांना म्हाडाच्या २२५ चौरस फुटांच्या घरासाठी २०१२ आणि २०२० च्या सोडतीपर्यंत वाट पाहावी लागली. मूळ कामगार गेला आणि वारसाने अर्ज भरला, अशी कुटुंबे आपल्या ओळखीतही आहेत. आम्ही मात्र आज तिसरा प्रश्न विचारणार आहोत. या घराखालच्या जमिनीत काय आहे?

गिरणी म्हणजे नुसते साचे आणि चात्या नव्हेत. तेथे रंगाचे हौद होते, ब्लीचिंगची रसायने होती, जमिनीत पुरलेल्या तेलाच्या टाक्या होत्या. वाफेच्या नळांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे लेपन असे. चिमणी पाडली तरी तिचा पाया जमिनीतच राहतो. त्यात गिरणगावाचा बराचसा भाग मूळचा सखल, भराव टाकून उंच केलेला.

म्हणून अशा जागेवर इंजिनियरचे काम पायाच्याही आधी सुरू होते. प्रथम जुने नकाशे आणि सिटी सर्व्हेची कागदपत्रे पाहायची. मग हद्दीची व उंचसखलपणाची मोजणी करायची. नंतर ठिकठिकाणी बोअर घेऊन भराव किती, चिकणमाती किती, खडक किती खोल, हे काढायचे. इमारतीचा भार त्या खडकापर्यंत कसा न्यायचा ते यावरूनच ठरते. माती आणि भूजल प्रयोगशाळेत तपासायचे, कारण काही क्षार काँक्रीट आणि सळई दोन्ही खातात. दूषित माती सापडली तर ती काढून योग्य ठिकाणी न्यायची किंवा तिच्यावर स्वच्छ थर देऊन ती बंद करायची. शेजारच्या जुन्या चाळींच्या भिंतींवरील तड्यांची नोंद काम सुरू होण्यापूर्वी करायची, म्हणजे पुढे वाद होत नाही.

हे टाळले तर काय होते? अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरी लव्ह कॅनॉल नावाच्या जुन्या कालव्यात एका कारखान्याने सुमारे २१ हजार टन रसायने पुरली. १९५३ साली ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली गेली. तेथे शाळा झाली, भोवती कामगारांची घरे झाली. पुढे ती रसायने तळघरांत पाझरू लागली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली आणि कुटुंबांना घरे सोडावी लागली. आवाज उठवण्यात तेथील आया पुढे होत्या.

आता आपल्या हाती काय आहे ते सांगतो. १९२८ च्या संपात अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात प्रवेश मिळावा, ही मागणी बाबासाहेबांना लावून धरावी लागली. कोणत्या खात्यात कोणाला ठेवत, हे आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ असते. त्याचप्रमाणे हौद कोठे होता, टाकी कोठे पुरली, विहीर केव्हा बुजवली, हेही त्यांना ठाऊक असते. आमचे वडील सांगत, रंगखात्यामागे एक खड्डा होता, उरलासुरला रंग त्यात ओतत. असा खड्डा नकाशात सापडेलच असे नाही. जुन्या कामगारांना विचारणे हा चांगल्या सर्वेक्षणाचाच भाग आहे.

म्हणून वाचकहो, घरातील आजोबांना, आजींना बसवून गिरणीचा कच्चा नकाशा वहीत काढून घ्या. रहिवासी मिळून तो लेखी अर्जासोबत म्हाडाला द्या. माहितीच्या अधिकाराखाली बोअरचा आणि माती-पाणी तपासणीचा अहवाल मागा. अहवाल आला की वस्तीतील इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्या. तपासणी झालीच नाही, असे उत्तर आले तर ती करण्याची मागणी सर्वांच्या सह्यांनी करा.

बापाने ज्या जमिनीवर घाम गाळला, तिच्यावर नातवंडे खेळणार आहेत. ती स्वच्छ आणि भक्कम असावी, एवढे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.