दुनळी आजोबांची, काडतूस आजचे

पाऊस ओसरला की सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण तालुक्यांतून येणाऱ्या बातम्यांचा सूर बदलतो. रानडुकरांनी भातशेत तुडवले, गव्यांचा कळप कुळागरात शिरला, माकडांनी शहाळी फोडली. या बातम्यांच्या अखेरीस एक ठरावीक वाक्य हमखास असते: शेतकऱ्यांना पीक संरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत. हे वाक्य मी इतक्या वेळा तपासून पुढे पाठवले आहे की ते आता डोळे मिटूनही लिहिता येईल. परवान्याची मागणी, नूतनीकरणातील दिरंगाई, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा करण्याचा व्याप, या सर्वांवर आपल्याकडे लिहिले जाते. त्या बंदुकीत भरायचे काय, याची चर्चा मात्र होत नाही.

माझ्यापुरता हा प्रश्न सत्तरीतील मामांमुळे उभा राहिला. त्यांच्याकडे आजोबांची बेल्जियन दुनळी आहे, पोर्तुगीज अमदानीत घेतलेली. वारसाहक्काने परवाना मामांच्या नावावर झाला. गेल्या वर्षी त्यांनी बारा बोरच्या दहा काडतुसांची नवी पेटी आणली. काडतूस नळीत अलगद बसले. रात्री डुकरांना हुसकावण्यासाठी मामांनी एक बार काढला, तेव्हा खांद्याला बसलेला हिसका नेहमीचा नव्हता. बंदूक मोडून पाहिली तर रिकामे काडतूस निघता निघेना. अखेर ओढून काढले, तेव्हा त्याचे तोंड चिंध्यांसारखे फाटलेले होते. विक्रेत्याचे म्हणणे एवढेच, की परवान्यावर बारा बोर लिहिले आहे आणि मी बारा बोरच दिले. त्याचे काही चुकलेही नव्हते.

चूक आहे ती ‘बारा बोर’ या दोन शब्दांत सारे काही आले, या समजुतीत. ज्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, तेवढ्या जाडीची नळी म्हणजे बारा बोर. सुमारे साडेअठरा मिलिमीटर. हे माप नळीच्या व्यासाचे आहे. काडतूस जिथे बसते त्या चेंबरची लांबी त्यातून कळत नाही. जुन्या इंग्लिश दुनळ्यांचे चेंबर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेले असे. युरोपातील अनेक जुन्या बंदुकांचे मापही तेच. आज सर्रास मिळणारे काडतूस ७० मिलिमीटरचे असते.

लांब काडतूस आखूड चेंबरात बसतेच कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असे, की पेटीवरील ७० हा आकडा बार उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाचा असतो. उडण्यापूर्वी त्याचे तोंड चुण्या घालून मिटलेले असते आणि लांबी ६० मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणून ते आत बसते, बंदूक बिनतक्रार मिटते आणि मनुष्य निर्धास्त होतो. बार उडताच चुण्या उलगडतात, पण उलगडायला जागा नसते. तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छऱ्यांची वाट आवळते आणि आतला दाब वाढतो. केवळ लांबीमुळे वाढणारा दाब दर वेळी फार नसतो, असे काही जाणकार म्हणतात. ते मान्य केले तरी आजच्या काडतुसातील दारू आणि छऱ्यांचा भारच मुळात शतकापूर्वीच्या नळीचा विचार करून ठरवलेला नसतो. त्यात आपल्या हवेने गंजून आतून पातळ झालेली नळी असेल, तर धोका किती हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

बंदुकीवरील खुणा वाचाव्यात, हा सल्ला योग्य असला तरी अपुरा आहे. मामांच्या दुनळीच्या नळ्यांखाली समभुज चौकटीत ‘१२’ आणि रोमन ‘सी’ असा छाप आहे. १८८७ ते १९२५ या काळातील इंग्लिश बंदुकांवरही अशीच चौकट आढळते. तिचा अर्थ एवढाच, की चेंबर तीन इंचांहून आखूड आहे. म्हणजे ६५ की ७० हे कळायला मापकाठीच लागते. काही चेंबर रुंदीलाही तंग असतात. पावसाळ्यात ओल धरून फुगलेले जुने कागदी काडतूस त्यांत अर्ध्यावरच अडते. ते ठोकून बसवण्याचा मोह होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

योग्य काडतूस मिळवणे सोपे नाही. देशातील नागरी काडतुसांचा प्रमुख स्रोत म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना. १८६९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना २०२१ च्या पुनर्रचनेत म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. ‘शक्तिमान’ या नावाखाली ६५ मिलिमीटरची काडतुसेही त्याने बनवली आहेत. पण वर्षाकाठी चार-पाच बार काढणाऱ्या मूठभर शेतकऱ्यांसाठी विक्रेत्याने ती कशाला ठेवावीत? घरी काडतूस कापून भरणे हा उपाय नव्हे. शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. चेंबर खोदून लांब करून घ्यावे, तर आधीच पातळ असलेली नळी आणखी पातळ होते.

कोणी म्हणेल, या बंदुका मोडीतच काढाव्यात. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. परवानगीविना यांपैकी कशावरही गोळी झाडता येत नाही. उरतो केवळ आवाज. हा युक्तिवाद मला बऱ्याच अंशी पटतो. केवळ आवाजासाठी जीर्ण नळीवर भरवसा ठेवू नये. परंतु कायद्याने पीक संरक्षणासाठी नळीच्या बंदुकीची सोय ठेवली आहे आणि सरकार तिचे परवाने देते. केरळने २०२२ मध्ये पिके उद्ध्वस्त करणाऱ्या डुकरांना मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार पंचायतींच्या प्रमुखांकडे सोपवले. तशी मागणी उद्या गोव्यात मान्य झाली, तर त्या कामासाठी ज्या बंदुका बाहेर निघतील त्यांत मामांच्या दुनळीसारख्याही असतील.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे. नूतनीकरणाच्या वेळी बंदुकीचा क्रमांक ताडून पाहिला जातो, काडतुसांची संख्या लिहिली जाते. चेंबरच्या लांबीसाठी वेगळा रकाना नाही. पोलिसांच्या शस्त्रागारातील कारागिराने मापकाठी घालून ती लांबी नोंदवायची म्हटली, तर पाच मिनिटे पुरतील. विक्रेत्याने त्या नोंदीशी ताडूनच पेटी द्यावी. कोणत्या तालुक्यात ६५ची किती काडतुसे लागतात हा हिशेब एकदा हाती आला, की कृषी खात्याला खडकीकडे एकत्रित मागणी नोंदवता येईल. याला नवा कायदा लागत नाही.

मामांच्या दुनळीचे चेंबर मोजून घेतले. ते ६५चे निघाले. उरलेली नऊ काडतुसे विक्रेत्याने परत घेतली नाहीत. ती कपाटात कुलपात पडून आहेत आणि यंदाच्या मंजूर कोट्यातून वजाही झाली आहेत.