पाय कोरडे ठेवण्याचा हट्ट



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण ऐकून हसाल. पायाला चिखल्या झाल्या होत्या!

आता चिखल्या कुणाला होत नाहीत? आमचा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत निम्म्या गावाला होतात, लोक काहीतरी लावतात आणि पुन्हा बांधीत उतरतात. पण मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. पायाची संवेदना जरा बोथट झालीय. दोन बोटांच्या मध्ये कातडी फाटली, हे मला दुखण्यावरून कळलंच नाही, मोजा काढल्यावर डागावरून कळलं. पुढे सहा आठवडे ड्रेसिंग, सायकल बंद आणि घरच्यांची बोलणी. गंमत म्हणजे हे सगळं झालं ते पाय कोरडे राहावेत म्हणून हौसेनं घेतलेल्या ओव्हरशूमुळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ओव्हरशू म्हणजे सायकलच्या बुटावर चढवायचं कव्हर. मी रविवारी कोहमाऱ्याहून निघतो. कधी हायवेनं (जुना ६ नंबर, आता ५३) देवरीकडे, कधी नवेगावबांधकडे, कधी गोंदियाच्या रस्त्यानं मुरदोलीच्या जंगलापर्यंत. पावसाळ्यात हायवेवर वरून जितकं पाणी पडतं, त्याहून जास्त बाजूनं जाणारे ट्रक उडवतात, तेही गाळासकट. म्हणून कव्हर.

पहिली जोडी पातळ कापडाची होती. पाकिटावर मोठ्या अभिमानानं लिहिलेलं : १०,००० मिलिमीटर वॉटरप्रूफ. हा आकडा पाण्याच्या स्तंभाच्या उंचीचा असतो, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सहन करतं. कापड! शिवण नव्हे, चेन नव्हे, आणि तळाला पेडलच्या क्लीटसाठी कापलेलं भोक तर नव्हेच. शिवाय पोटरीवरून ओघळणारं पाणी वरच्या तोंडातून आत जातं ते वेगळंच. तरी ती जोडी वॉटरप्रूफ नव्हती म्हणून गेली नाही, फाटून गेली. कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकला वाट देताना पाय टेकवला, चहाच्या टपरीपर्यंत गिट्टीवरून चाललो, आणि तीन आठवड्यांत अंगठ्यापाशी तोंड वासलं. असल्या वस्तू बहुतेक पेडलवर झिजत नाहीत, चालताना झिजतात. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा कधीच न उतरणारा सायकलवाला असावा :)

मग जास्त पैसे घालून निओप्रिनची जोडी आणली. जाड, दणकट. पाणबुडे घालतात त्या पोशाखाचंच हे रबर. तिला भोक पडलं तर पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा छान चिकटतो (पीव्हीसीच्या कव्हरला तो टिकत नाही, करून पाहिलंय). टिकाऊपणात दहापैकी नऊ गुण. आणि हिनंच माझा घात केला.

निओप्रिनचं काम पाय कोरडा ठेवणं नाहीच, गरम ठेवणं आहे. युरोपात पाच अंश तापमानात पाऊस पडतो, बोटं बधिर होतात, तिथे ते वरदान. आमच्याकडे ऑगस्टात पाऊस पडतानाही पंचवीस-सव्वीस अंश असतं. आत शिरलेलं पाणी, त्यात घाम, आणि वरून ऊब. तीन तास पाय कोमट पाण्यात भिजत ठेवले तर कातडीचं काय होणार? पांढरी, मऊ, भाकरीच्या भिजलेल्या तुकड्यासारखी. मग बुटाची एखादी शिवण पुरते.

"मग श्वास घेणारं कापड घे की," असं पुण्याचा भाचा म्हणाला. बाबा रे, त्या कापडातून वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तर. श्रावणात इथे बाहेरच इतकं दमट असतं की वाफ जाणार कुठे?

आमच्याकडे बांधीवर येणाऱ्या मामांना मी हे सगळं सविस्तर समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "पानी हाये त पाय वले होनारच, गुरुजी. घरी येऊन पुसाचे."

तर माझं मत असं झालंय की आपल्याकडे 'वॉटरप्रूफ आहे का' हा प्रश्नच चुकीचा. पाय किती वेळ ओला राहिला, हे विचारावं. तासाभराच्या आत परत यायचं असेल तर साधं, सैल, चेन नसलेलं, जाड रबरी तळाचं कव्हर घ्यावं. चेन घेऊ नका, गाळात तीच आधी जाते. घेताना कव्हर उलटं करून टाच आणि अंगठा दाबून पाहा, किंमत नंतर. बूट गाळापासून वाचतो, एवढंच श्रेय त्याला द्यायचं. त्याहून लांब जायचं असेल तर कव्हर घरी ठेवा. मी क्लीटही काढून टाकले. साधी पेडलं, पुढून बंद जाळीचा बूट, म्हणजे पाणी येतं तसं जातं. सँडल आणखी बरी, पण काटा लागलेला मला कळत नाही, तेव्हा ती माझ्यासाठी बाद. पिशवीत कोरडे मोजे आणि पंचा. अर्ध्या वाटेत टपरीवर बसून बोटांच्या बेचक्या पुसायच्या, डोळ्यांनी बघायच्या, मोजे बदलायचे. लोक बघतात. बघू देत. डॉक्टरांनी रोज रात्री पाय तपासायला सांगितलंय, त्यातला अर्धा भाग टपरीवर उरकतो.

निओप्रिनची जोडी टाकवत नाही. डिसेंबरात पहाटे नवेगावबांधकडे जाताना गारठा आणि धुकं असतं, तेव्हा घालीन म्हणतो.

असो. भाचा विचारतोय, वाढदिवसाला आणखी एक नवीन प्रकारचं कव्हर आलंय ते पाठवू का. नको रे बाबा. सुती मोज्यांच्या सहा जोड्या पाठव, पांढऱ्या. डाग दिसला पाहिजे.