बारा खोल्यांचा कारभार

'हॉटेल' म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी मिसळ येते, खोली मागाहून. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, हे पुराण राहावयाच्या हॉटेलाचे आहे. आमच्या थोरल्या मेहुण्यांनी निवृत्तीचा सारा पैसा घालून दापोलीजवळ समुद्रकाठी बारा खोल्या बांधल्या आहेत. पाटीवर नाव त्यांचे, कारभार वहिनींचा.

वहिनींची एक लांबलचक वही होती. खोल्या उभ्या, तारखा आडव्या. नोंद पेन्सिलीने करावयाची, पैसे आले की तीवर शाई फिरवावयाची. कोणाला बिनसाखरेचा चहा, कोणाच्या आजीला जिना चढवत नाही, हे सारे समासात. कोणी काही म्हणो, असल्या वहीला नावे ठेवण्याजोगे फारसे काही नसते. ती एका वेळी एकाच माणसाला उघडता येते, एवढेच.

२०२४ च्या दिवाळीत या 'एवढेच'नेच घात केला. भाऊबिजेच्या रात्री एकाच खोलीवर दोन कुटुंबे हजर झाली. एकांनी फोन करून आगाऊ पैसे धाडले होते. दुसऱ्यांनी मोबाइलवरून एका प्रवासी कंपनीमार्फत तीच खोली घेतली होती. वहीत काय लिहिले आहे ते त्या कंपनीला कळावे कसे? सत्तरीचे एक गृहस्थ रात्री अकरा वाजता ओसरीवर आपल्या बॅगेवर बसून राहिले. शेवटी मेहुण्यांनी आपली निजावयाची खोली त्यांना दिली आणि स्वतः स्वैपाकघरात पथारी पसरली.

पुढच्या पावसाळ्यात भाच्याने सॉफ्टवेअरचा विषय काढला. मुहूर्त उत्तम होता, कारण असला बदल करावयाचा तो खोल्या रिकाम्या असतानाच. विक्रेते येऊ लागले. पहिल्या गृहस्थांनी पडद्यावर रंगीबेरंगी आलेख दाखवले. वहिनींनी शांतपणे विचारले, "पाहुणे उद्या जाणार होते, ते आज रात्रीच निघाले, तर बिल कसे करायचे ते दाखवा." ते म्हणाले, "ते शिकवणीच्या वेळी दाखवू." वहिनींनी त्यांना चहा दिला. विषय तेथेच संपला!

ज्यांना घ्यावयाचे आहे त्यांनी असेच करावे. यादी ऐकू नये. आपल्या घरचा अडलेला प्रसंग पुढे ठेवावा. थोरामोठ्यांच्या हॉटेलांत 'ऑपेरा' नावाचा प्रोग्राम असतो. २०१४ पासून तो ओरॅकल कंपनीच्या घरचा झाला आहे. बारा खोल्यांसाठी तो घेणे म्हणजे ताकासाठी म्हैस बांधण्याऐवजी दारात हत्ती झुलवणे.

खरी मेख आहे ती जोडणीत. खोली कोठेही विकली गेली की ती बाकीच्या सर्व ठिकाणांहून तत्क्षणी नाहीशी झाली पाहिजे. हे काम करणाऱ्या भागाला 'चॅनेल मॅनेजर' म्हणतात, आणि पुष्कळदा त्याचे पैसे वेगळे पडतात. स्वस्तातले काही लोक 'आयकॅल' नावाच्या पद्धतीने नुसती कॅलेंडरे जुळवून देतात. ती थोड्या थोड्या वेळाने जुळतात, आणि सणासुदीला तेवढ्या वेळात एक खोली दोनदा विकली जाते. म्हणजे पुन्हा स्वैपाकघरातली पथारी आलीच. या प्रवासी कंपन्यांची दलाली साधारणपणे शेकडा पंधरा ते पंचवीस असते. तेव्हा पाहुण्याला थेट आपल्याकडेच खोली धरता येईल अशी सोयही हवी.

कराची परीक्षा आपोआप झाली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच झाला. त्यावरच्या खोलीला अठरा टक्के कायम. आता दिवाळीत भाडे चढवताना मर्यादा शंभर रुपयांनी जरी ओलांडली, तरी बिल पार बदलते. तोवर प्रयोगासाठी घेतलेल्या दोन प्रोग्रामांपैकी एकाने दर रातोरात सुधारला. दुसऱ्याच्या कचेरीत तीन दिवस फोन कोणी उचलला नाही.

मेहुण्यांना धास्ती होती ती विजेची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने तिकडे खांब, तारा, माडपोफळी सारे आडवे केले होते. इंटरनेट गेले तर पुढे काय, हे त्यांनी लिहून घेतले. शिवाय उद्या येणाऱ्यांची यादी रोज संध्याकाळी कागदावर छापून ठेवावयाची, असा नियम केला.

आणखी एक धोका आपण मनावर घेत नाही. पाहुण्यांचे आधार, पासपोर्ट आता कपाटात न राहता दुसऱ्याच्या यंत्रात जातात. स्टारवुड हॉटेलांच्या आरक्षण-यंत्रणेत २०१४ पासून चोर शिरून बसला होता. मॅरियट कंपनीने २०१६ मध्ये ती हॉटेले विकत घेतली, ती चोरासकट! उलगडा झाला २०१८ मध्ये, तोवर पन्नास लाखांवर पासपोर्ट-क्रमांक उघडे पडण्याजोगे झाले होते. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते. वहिनी हल्ली तीच मागतात. आणि कोणत्या नोकराला काय दिसावे, हेही त्यांनी ठरवून दिले आहे.

राहता राहिला समास. पाहुण्याच्या नावापुढे मराठीत टिपण लिहिता येते का, ते वहिनींनी स्वतः टाइप करून पाहिले. एका यंत्रात नुसती प्रश्नचिन्हे उमटली. ज्यात 'आजींना जिना नको' हे नीट उमटले, ते घेतले. सोडून जाताना आपली सारी माहिती आपल्या हाती मिळेल, ही अट करारात घालून घेतली. भाचा दर महिनाअखेर ती उतरवून छापतो, आणि वहिनी ते कागद वहीशेजारी फाइलला लावतात.