कारखान्याचा नवा सूचनाफलक

कांहीं वर्षांपूर्वीं इंट्रानेट बेंचमार्किंग फोरम ह्या संस्थेनें 'आयबीएफ 24' नांवाचें एक विलक्षण संमेलन भरविलें. त्यास मंडप नव्हता व व्यासपीठही नव्हतें. तें चोवीस तास अखंड संगणकाच्या पडद्यावर चालें आणि निरनिराळ्या देशांतील मोठ्या कंपन्या आपलें इंट्रानेट, म्हणजे कचेरीचें अंतर्गत जाळें, इतरांस उघडून दाखवीत. एरवीं हें जाळें परक्याच्या दृष्टीस पडत नाहीं. सूचना, रजेचे अर्ज, वेतनपत्रकें, सुरक्षिततेचे धडे, वरिष्ठांचीं निवेदनें हें सर्व त्यांत असतें, आणि त्याची किल्ली नोकरवर्गाच्याच हातीं असते.

चोवीस तास जागण्याचें अप्रूप त्या मंडळींस वाटलें असेल; पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांस त्यांत नवल तें काय? 1954 सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली, 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आलें, पुढें टेल्को आली, आणि 2009 सालीं चाकणास फोक्सवॅगनच्या कारखान्याचें उद्घाटन झालें. तेव्हांपासून येथील कित्येक घरांत पहांटेस एक माणूस डबा घेऊन निघतो व दुसरा रात्रपाळी करून परततो. मात्र ह्या तीन पाळ्यांच्या गांवीं तें जाळें कोणाकरितां जागें असतें, असा प्रश्न विचारला पाहिजे.

माझें स्पष्ट मत असें कीं, तें बहुधा खुर्चीवर बसणाऱ्याकरितां जागें असतें. जर्मनींतील मुख्य कचेरींत सकाळचे नऊ वाजतात तेव्हां चाकणास उन्हाळ्यांत साडेबारा व हिवाळ्यांत दीड वाजलेला असतो. तिकडून निघालेली सूचना इकडच्या कचेरींत पोहोंचण्यास क्षणाचाही अवधि लागत नाहीं. पण तेथून शंभर पावलांवर यंत्रापाशीं उभा असलेला मनुष्य तिला दुर्मिळ असतो. त्याच्यापुढें संगणक नाहीं. कित्येक कारखान्यांत भ्रमणध्वनि दाराशींच ठेवावा लागतो. आणि सूचना बहुधा इंग्रजींत. मग ती सुपरवायझरच्या तोंडून त्याच्या कानीं पडते, आणि तोंडोतोंडीं गेलेल्या गोष्टीचें काय होतें हें वाचकांस सांगावयास नकोच.

वास्तविक ह्या बाबतींत आपल्याकडील जुने कायदे अधिक विचारी होते. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, नोकरीचे नियम इंग्रजींत व बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेंत, ज्या दारानें बहुसंख्य कामगार आंत शिरतात त्या दाराशीं व प्रत्येक खात्यांत, खास फलकांवर लावावे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 108 व्या कलमानेंही सूचना दोन भाषांत, दर्शनी जागीं, व स्वच्छ आणि वाचतां येईल अशा स्थितींत ठेवण्याचें बंधन घातलें. 2025 च्या नोव्हेंबरांत ह्या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनीं घेतली. तथापि जुन्या शब्दांतील मर्म पाहा. मालकाच्या दाराशीं नव्हे, तर कामगार ज्या दारानें येतो त्या दाराशीं! नव्या फलकास हें दार कोणतें, ह्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं.

तें दार म्हणजे कँटीन, पाळी बदलतांना जेथें रांग लागते ती जागा, व पाळीची बस. तेथें दोन पडदे उभे करावेत. हातास ग्रीस लागलेलें असलें तरी चालेल अशी सोय असावी. आणि मजकूर मराठींत असावा. येथें कोणी म्हणेल कीं, आतां बिहार, उत्तर प्रदेश व ओडिशा येथूनही कामगार आले आहेत. खरें आहे, तर मग हिंदीही असावी. दोन भाषांचा भार 1946 सालीं खडूच्या फळ्यास झेपत होता. तो संगणकास झेपूं नये, हें म्हणणें मला पटत नाहीं. खर्चाची सबबही तितकीच लंगडी आहे.

सर्वांत कठीण गोष्ट कंत्राटी कामगाराची. त्याचें नांव ठेकेदाराच्या वहींत असतें, कंपनीच्या नव्हे. त्यामुळें त्यास नोकरक्रमांक नाहीं, आणि क्रमांक नाहीं म्हणून जाळ्यांत प्रवेश नाहीं. पण तो त्याच छपराखालीं, त्याच प्रेसवर हात घालतो. त्या यंत्राचा संरक्षक पडदा नादुरुस्त असल्याची नोंद जाळ्यावर पडली आणि ती वाचण्याचा अधिकार नेमका त्यासच नसला, तर बोटें जावयाचीं तीं त्याचींच. निदान सुरक्षिततेचें दालन तरी क्रमांकावांचून उघडलें पाहिजे. शिवाय तेथें त्यास लिहितांही आलें पाहिजे. यंत्राचा आवाज बदलला, हें प्रथम त्यासच कळतें. त्याच्या नोंदीस पुढील पाळी संपण्यापूर्वीं उत्तर मिळावें, व तें उत्तर सर्वांस दिसावें.

आपल्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी उद्यां आय.टी.आय.मधून शिकाऊ उमेदवार म्हणून भोसरी, चाकण, तळेगांव येथील दारांतून आंत जातील. त्यांनीं पहिल्याच दिवशीं, टोपी व बूट मिळतांक्षणीं, विचारावें: येथील सूचना मीं कोठें वाचावयाच्या, आणि माझी नोंद कोठें करावयाची?