हमालांनी काढलेली वाट

वाशीच्या दाणाबाजारात माथाडी कामगार सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक रिकामा करतो, दुपारी दुसऱ्याच्या गाळ्यात पोत्यांची थप्पी लावतो आणि संध्याकाळी तिसऱ्याचा माल टेम्पोत भरतो. एका दिवसात तीन मालक, आणि तिघांपैकी कुणीही त्याला ‘आमचा नोकर’ म्हणणार नाही. तरीही त्याच्या नावावर भविष्य निर्वाह निधी जमा होतो. त्याला ग्रॅच्युइटी, बोनस आणि भरपगारी सुट्टी मिळते. मुंबई-पुण्यात मोटारसायकलवरून अ‍ॅपवर मागवलेलं जेवण पोहोचवणारा डिलिव्हरीवाला तरुणही रोज अनेकांची कामं करतो आणि तोही कुणाचा नोकर नसतो. त्याला मात्र यातलं काहीच मिळत नाही. या दोघांमध्ये फरक आहे तो एका कायद्याचा. तो 1969 मध्ये महाराष्ट्रातच झाला.

त्या काळी मुंबईतल्या मशीद बंदर, भातबाजार, दाणाबंदर आणि लोखंडबाजारात पाठीवर ओझी वाहणारी माणसं बहुतेक सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या डोंगराळ तालुक्यांतून आलेली होती. एक क्विंटलचं पोतं उचलायचं, मजुरी मुकादमाच्या मर्जीवर, आणि माणूस जखमी झाला तर गावाकडची एसटी धरायची. कामगार कायदे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, कारण ते सगळे ‘एक मालक, एक कारखाना, एक हजेरीपट’ गृहीत धरून लिहिलेले होते. अण्णासाहेब पाटील स्वतः याच बाजारांत हमाली केलेले. त्यांनी या माणसांची संघटना बांधली, संप केले आणि सरकारला कायदा करायला भाग पाडलं. आज अण्णासाहेबांचं नाव निघतं ते आरक्षणाच्या चळवळीच्या आणि त्यांच्या नावाच्या महामंडळाच्या निमित्ताने. कामगारांसाठी त्यांनी उभं केलेलं काम त्या मानाने फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि ते वाईट आहे.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना झालेल्या या माथाडी कायद्याने ‘खरा मालक कोण?’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. जो काम करून घेईल त्याने या कायद्याखाली नेमलेल्या मंडळात नोंदणी करायची, आणि कामगारानेही करायची. मजुरीचा दर संघटना आणि व्यापारी यांनी बसून ठरवायचा. व्यापाऱ्याने ती मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही द्यायची. मंडळ मजुरी कामगाराला देतं आणि लेव्हीतून निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार आणि अपघाताची भरपाई भागवतं. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी असतात. ही कल्पना अगदीच आकाशातून पडलेली नव्हती. गोदी कामगारांसाठी 1948 च्या केंद्रीय कायद्याने अशाच मंडळांची सोय केली होती. पण बंदराच्या भिंतीबाहेरच्या, शेकडो लहान मालकांच्या विस्कळीत बाजाराला ती लागू करून दाखवली महाराष्ट्राने.

याचं फळ वाशीजवळच्या कोपरखैरणे आणि घणसोलीत दिसतं. तिथे माथाड्यांच्या वसाहती आहेत, त्यांची पतपेढी आहे, रुग्णालय आहे. ज्यांच्या आजोबांनी दाणाबंदरात पोती वाहिली त्यांची नातवंडं तिथल्या शाळा-महाविद्यालयांत शिकली. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुढची पायरी गाठली. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून 1974 मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. शंभर किलोचं पोतं पन्नास किलोंवर आणण्यासाठी हमालांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. मणक्याची झीज हा धंद्याचा भाग नसून धंद्याने केलेलं नुकसान आहे, हे त्या भांडणातून लोकांना कळलं.

कायद्यात दोष शिरले आहेत, हेही तितकंच खरं. औद्योगिक वसाहतींत माथाडींचं नाव पुढे करून खंडणी मागणाऱ्या बोगस संघटना आहेत. वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, नावाखाली ट्रकचालकांची अडवणूक होते. लेव्ही थकवणारे कारखानेही आहेत, सूट मिळवून सुटणारेही आहेत. 2023 मध्ये या तक्रारींकडे बोट दाखवत दुरुस्तीचं विधेयक आलं, तेव्हा माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. गुंडांना पकडण्यासाठी पोलीस आहेत, कायदा पातळ करण्याची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पटण्यासारखं आहे. खंडणी वसूल होते ती कायदा बळकट असल्यामुळे नव्हे. मंडळांकडे निरीक्षक अपुरे असले आणि संघटनांची छाननी ढिली असली की ती फोफावते.

आता डिलिव्हरीवाल्याकडे येऊ. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात त्याच्यासारखे, कुणाचे नोकर नसलेले 77 लाख गिग कामगार होते, आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील. त्यांच्यासाठी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तरतूद आहे. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत द्यायची, मात्र ती गिग कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही.

हे 5 टक्के जरा हिशेबात मांडून बघावेत. महिन्याला वीस हजार कमावणाऱ्या तरुणामागे कंपनीचा वाटा फार तर एक हजार रुपये. माथाडी मंडळांत लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा असला, तरी तो मजुरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो. म्हणजे त्याच वीस हजारांवर साडेसहा हजारांच्या घरात. किराणा मालाचा घाऊक व्यापारी पन्नास वर्षांहून अधिक काळ हा भार पेलतो आहे आणि त्याचा धंदा बुडालेला नाही. मग अब्जावधींचं भांडवल उभं करणाऱ्या कंपन्यांना 5 टक्क्यांचं छत कशासाठी? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर संहितेत मिळत नाही.

राजस्थानने 2023 मध्ये देशातला पहिला गिग कामगार कायदा केला, त्यात प्रत्येक व्यवहारामागे शुल्क घेण्याची सोय होती. त्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी दाखला दिला तो महाराष्ट्रातल्या माथाडी मंडळांचाच. पुढे कर्नाटकानेही तीच वाट धरली. इतर राज्यं आपला नमुना घेऊन जातात, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ज्या राज्याने हा नमुना घडवला, त्याने या कामगारांच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे असायला हवं होतं.

घरकामगारांच्या बाबतीत महाराष्ट्राने अर्धंच पाऊल टाकलं होतं. 2008 च्या कायद्याने त्यांचं मंडळ झालं, पण काम करून घेणाऱ्या कुटुंबावर लेव्हीचं बंधन नाही. त्यामुळे मंडळाच्या हातात मोठा निधी नाही. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या बाईला दहा हजार रुपये सन्मानधन मिळतं. तीस वर्षं दुसऱ्यांची भांडी घासलेल्या हातांवर दहा हजार ठेवून त्याला सामाजिक सुरक्षा म्हणणं अन्यायाचं आहे. उलट 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी जो कायदा झाला तो माथाडीच्याच धर्तीवर, लेव्हीसकट होता. म्हणून मंडळात नोंदलेल्या रक्षकाची स्थिती एजन्सीच्या रक्षकापेक्षा चांगली असते. लेव्ही असली की मंडळ चालतं, नसली की नुसती नोंदणी उरते, हे राज्याने स्वतःच दोन कायदे करून अनुभवलं आहे.

डिलिव्हरीच्या धंद्यात तर वसुली गोदामापेक्षा सोपी आहे. 1969 मध्ये कुठल्या टोळीने किती पोती उतरवली हे मुकादमाच्या वहीत बघावं लागे. आज प्रत्येक फेरीचं अंतर, वेळ आणि पैसे कंपनीच्या संगणकात मिनिटागणिक नोंदलेले असतात. रायडरचा आयडी एका क्षणात बंद करता येतो, तर त्याच आयडीवर निर्वाह निधीही चढवता येईल.

निधीइतकाच महत्त्वाचा आहे दर. संहिता त्याबद्दल गप्प आहे, आणि तिची खरी उणीव हीच. दाणाबाजारात एका पोत्याची हमाली व्यापारी एकटा ठरवू शकत नाही, पण एका ऑर्डरचा दर कंपनी एकटी ठरवते आणि एकटीच बदलते. इन्सेंटिव्ह कधी आणि का कमी झाला, हे रायडरला फोनच्या पडद्यावर कळतं. या कामगारांसाठी माथाडीसारखं मंडळ झालं, तर तिघांच्या टेबलावर हा दर यावाच लागेल. पावसातल्या फेरीचे किती, रात्री अकरानंतरचे किती, आणि हॉटेलबाहेर ऑर्डर तयार होईपर्यंत उभं राहण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी द्यायचे, हे तिथे पहिल्याच बैठकीत विचारलं जाईल.